बुधवारपर्यंत गप्प

होल्विकमध्ये टेट लिंडालसमोर फुटबॉलबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

बाकी सगळं बोलत. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन कसं झालं, पिकअपच्या चाकातून येणारा आवाज थांबला का, उतारावरचा गहू कधी कापणार. पण टेट दुकानात शिरला, की तिथे रंगलेलं फुटबॉलचं बोलणं वाक्याच्या मध्येच पावसाकडे वळे. टेट शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता आणि दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. समोरून धावून येणाऱ्यांना थोपवायचं आणि आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल रचणाऱ्या खेळाडूला, हातानं चेंडू फेकायला वेळ मिळवून द्यायचा, हे त्याचं मैदानावरचं काम. ते तो असं करी, की एकदा त्याच्यावर आदळलेली मुलं पुढच्या वेळी जरा लांबून वळसा घालत. त्याचा प्रत्येक सामना अख्खं गाव बघे. घरी जाऊन कॉफी निवेपर्यंत त्यातली एकेक चाल उकरून काढी. फक्त त्याच्यासमोर नाही.

याला कारण होतं. तासाभराच्या आतल्या अंतरावर टॅमारॅक स्टेट कॉलेज होतं आणि होल्विक हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या संघाचं, मॅगपायचं, गाव होतं. जवळजवळ प्रत्येक घरानं कधी ना कधी कॉलेजच्या खेळनिधीला काहीतरी दिलेलं होतं. आणि नियम असा होता, की ज्यानं एकदा दिलं तो जन्मभराचा 'बूस्टर'. आणि बूस्टरनं शाळेतल्या खेळाडूला आपल्या कॉलेजकडे वळवायला एक शब्दही बोलायचा नाही. समोरासमोर नाही, फोनवर नाही, त्याच्या आईमार्फतही नाही. बोलायचं ते कोचनं.

असले नियम बहुतेक ठिकाणी लोक डोळ्यांआड करतात. होल्विकला ते जमणं शक्य नव्हतं. फार पूर्वी गावातल्याच ग्लेन टायरवाल्यानं एका खेळाडू मुलाच्या गाडीची गुळगुळीत झालेली चाकं बघून त्याला चारही नवी बसवून दिली होती. निव्वळ मायेपोटी. गोष्ट बाहेर फुटली आणि कॉलेजच्या संघावर दोन हंगाम बंदी आली. ग्लेनला कोणी काही बोललं नाही. पण अजूनही मॅगपायची काळी-पांढरी टोपी घातलेलं गिऱ्हाईक आलं, की तो जमिनीकडे बघत बोलायचा. त्यातून गावानं कानाला खडा लावला होता.

आणि तो सगळ्यात घट्ट लावला होता आर्डिस ब्रेकहसनं.

आर्डिस राज्याच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झाली होती. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, किती रुजले ते मोजायचं आणि मोजलं तेवढंच लिहायचं, यात तिची नोकरी गेली. किती उगवतील हे सांगता येतं, कोणता दाणा उगवेल हे सांगता येत नाही, असं ती म्हणे. लग्न केलं नव्हतं. चर्चच्या रविवारच्या वर्गात टेट तिच्या हाताखाली शिकला होता. तेव्हाही तो बाकात मावत नसे. गेली तीन वर्षं ती त्याला दर रविवारी भेटत होती आणि दर रविवारी त्याच्या डाव्या पायाबद्दल काही बोलायचं टाळत होती. चेंडू हलला, की टेटचा डावा पाय किंचित उशिरा उचलला जायचा. तिनं ते दुसऱ्याच सामन्यात टिपलं होतं. हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर इतके दिवस बसून होतं, की तिला त्याची चव माहीत झाली होती.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये कापणी चालू असताना ती भाऊ लेलँडसाठी जेवण घेऊन शेतात गेली, तेव्हा कम्बाइनच्या केबिनमधल्या रेडिओवर बातमी लागली होती. मॅगपायची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, फुटली होती. ज्या कॉलेजांशी मॅगपाय शंभर वर्षं दरसाल खेळत आले, ती सगळी एकामागून एक देशाच्या दुसऱ्या टोकाच्या श्रीमंत गटांत निघून चालली होती. टीव्हीवाल्यांचा पैसा तिकडे होता. सगळ्यात आधी निघालं ते हार्बर, थँक्सगिव्हिंग सणाच्या सामन्यातलं त्यांचं जन्माचं वैरी. मागे राहिले टॅमारॅक आणि आणखी एक कॉलेज.

लेलँडनं यंत्र बंद केलं. "दोघंच राहिले," तो म्हणाला. "याला कॉन्फरन्स नाही म्हणत, आर्डी. याला नवराबायको म्हणतात."

मग त्यानं सँडविच न उघडताच तिला सांगितलं, की आपलं संपलं. पुढल्या वर्षी कोणाशी खेळणार? कुठल्या तरी वाळवंटातल्या कॉलेजशी, ज्याचं नावही धड माहीत नाही. चांगली पोरं कशाला येतील? आलेली कशाला थांबतील? पुढच्या हंगामापासून मी स्टेडियममधली माझी सीट घेणार नाही. परत येताना आर्डिस गावात थांबली आणि स्टेडियमच्या बाकावर ठेवायची नवी गादी घेऊन आली. दुकानातली सगळ्यात जाड. ही आपल्यापेक्षा जास्त टिकेल असं दुकानदार म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, त्याच हिशेबानं घेतली आहे.

पण रात्री अंथरुणावर पडली, की तिच्याही डोक्यात एकच यायचं. टेट.

टेटनं वसंतातच टॅमारॅकला येतो असं सांगितलं होतं. पण ते तोंडी. डिसेंबरमधल्या ठरलेल्या बुधवारी कॉलेजच्या करारावर सही होईपर्यंत अशा शब्दाला काही वजन नसतं. आता कॉन्फरन्स गेली, टीव्ही गेला, आणि हार्बरचे लोक मोकाट सुटले. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी हार्बरचा कोच हेलिकॉप्टरमधून शाळेच्या मैदानाशेजारी उतरला. उडालेली धूळ बँडच्या पोरांच्या कर्ण्यांत जाऊन बसली आणि त्या दिवशीचं राष्ट्रगीत शिंकत शिंकत पार पडलं. आर्डिस कठड्याला धरून उभी होती. एका होतकरू मुलामागे ते हेलिकॉप्टर लावू शकतात आणि आपण त्याला 'छान खेळलास' एवढंही म्हणू शकत नाही, हा हिशेब तिला कुठूनही जुळवता येईना.

टेट टॅमारॅकला आला तर सगळं बदलेल, अशी तिची समजूत नव्हती. ती शास्त्र शिकलेली बाई होती. पण इथल्याच मातीतला, सगळ्यांना हवा असलेला एक मुलगा जर या वर्षी, सगळे निघून जात असताना, इथे थांबला, तर आपण अजून आहोत असं म्हणता येईल. तो गेला, तर लेलँडचंच खरं. तिला लेलँडचं खरं व्हायला नको होतं.

सकाळच्या कॉफीबरोबर ती चाहत्यांच्या संकेतस्थळावर जायची. तिथे तिचं नाव 'ओला कागद' होतं. टेट गेला, असं रोज कोणीतरी लिही. हार्बरच्या सामन्यात तो दिसला. नाही, तो त्याचा चुलतभाऊ होता. नाही, तोच होता. आर्डिस उत्तरात एवढंच लिही, की पुरावा द्या. मग नोव्हेंबरच्या शेवटी चर्चच्या आवारात तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा पाहिला. टेटच्या पिकअपच्या पुढच्या काचेवर खाली कोपऱ्यात मॅगपायचा पक्षी चिकटवलेला असायचा. तो नव्हता. काच लखलखीत होती. हातातलं बटाट्याचं कॅसरोल गार होईपर्यंत ती तिथे उभी राहिली.

पुढच्या रविवारी चर्चचं लुटेफिस्कचं जेवण होतं आणि त्यानंतरच्या बुधवारी सह्या. वाळवलेला मासा क्षारात भिजवून थुलथुलीत करायचा आणि लोण्यात बुडवून गिळायचा, हे नॉर्वेहून आलेल्या पणजोबांचं देणं होल्विक दरवर्षी निमूटपणे फेडत आलं होतं. तळघरातल्या हॉलमध्ये लांब टेबलं लागली. टेट एका वेळी तीन-तीन परातींएवढी ताटं उचलून आणत होता. म्हातारे त्याच्या दंडांकडे बघत आणि लोणी वाढ म्हणत. ग्लेननं त्याला वाटाणे जरा जास्त मागितले आणि ताटाकडे बघतच आभार मानले. लेलँडनं तर कमाल केली. टेट त्याच्याशेजारी उभा राहिला तेव्हा त्यानं घसा खाकरला, आणि सगळ्या टेबलाचा श्वास रोखलेला असताना विचारलं, "मग? तुमच्याकडे पाऊस किती झाला?"

"तुमच्याकडे झाला तेवढाच, मिस्टर ब्रेकहस," टेट म्हणाला. दोघांच्या शेतांमध्ये एकच कुंपण होतं.

जेवण आटोपल्यावर आर्डिस स्वयंपाकघरात भांडी पुसायला लागली. सिंकपाशी टेटची आई डार्ला होती. डार्ला मोंटानाहून लग्न होऊन आलेली, शाळेची बस चालवायची. तिच्या माहेरी हॉकी चाले. फुटबॉलचं वेड तिला मुलामुळे कळलं होतं तेवढंच. नवरा मालट्रक घेऊन महिन्यातले बरेच दिवस बाहेर. तिनं एक भांडं घासून घासून पांढरं केलं आणि मग पाण्यात हात तसेच ठेवून म्हणाली, "आर्डिस, एक विचारू? गावाचं आमच्याशी काय बिनसलंय?"

आर्डिसला आधी कळलंच नाही.

"राग नका मानू. पण टेट विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही. तीन वर्षं झाली. हार्बरची माणसं त्याच्या आजीच्या ऑपरेशनच्या दिवशी फोन करतात. तो त्यांना सांगतो, तुमच्यापैकी कोणाला मी नीट ओळखतही नाही. आणि इथे, जिथे तो जन्मला, तिथे एक माणूस म्हणत नाही, की पोरा, आज चांगला खेळलास. तो दुकानात गेला की लोक गप्प होतात. त्यानं ऐकलंय. बाहेर पायरीपर्यंत ऐकू येतं, आणि तो आत गेला की पाऊस." तिनं नळ बंद केला. "तो म्हणतो, एक तर मी त्यांना पुरेसा वाटत नाही, नाही तर कॉलेज बुडालंय हे त्यांनाही कळलंय आणि ते मला तोंडावर सांगणं त्यांना जमत नाही. म्हणतो, ज्यांना मी नकोच आहे त्यांच्यासाठी थांबू कशाला."

आर्डिसच्या हातात फडकं होतं. उत्तरही होतं, अगदी तयार, तीन वर्षं मुरलेलं. पण समोर खेळाडूची आई होती, आणि नियमात आई होती. तिनं ताट पुसलं, जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "डार्ला, मला दोन दिवस दे."

डार्लानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं दारावर आलेल्या विक्रेत्याकडे बघतात.

आर्डिस तिथून तडक लेलँडकडे गेली. सगळं ऐकून तो पहिल्यांदा हसला, मग हसणं मध्येच राहिलं, आणि त्यानं तोंडावरून हात फिरवला. अख्ख्या गावानं जीव मुठीत धरून, दातओठ खाऊन जे केलं, ते त्या पोराला असं दिसलं होतं. मग तो म्हणाला, यात विचार कसला करायचा, आत्ता जाऊन सांगू. आजकाल पोरांना उघड पैसे मिळतात, हार्बरवाले वाटेल ते करतात, नियमाला कुत्रं विचारत नाही. तूच एकटी अजून पुस्तक धरून बसली आहेस.

"म्हणूनच," आर्डिस म्हणाली. "हार्बरनं शंभर वर्षांचा शब्द मोडला. टीव्हीवाल्यांनी मोडला. ज्यानं त्यानं आपापला मोडला आणि आता आपण त्यांच्यासारखे नाही एवढंच आपल्याकडे उरलंय. ते मी बुधवारच्या तीन दिवस आधी सोडू? ग्लेनला काय सांगू, की तुझ्या चार चाकांपायी संघानं दोन हंगाम बंदी सोसली, पण आता आम्हीच नियम मोडतो?"

"मग पोर जाऊ दे."

"पोरही जाऊ देणार नाही."

"दोन्ही कसं होईल, आर्डी?"

"ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली आणि कोट चढवून निघून गेली.

सोमवारी सकाळी तिनं कॉलेजच्या नियमपालन कक्षात फोन लावला. पलीकडे एक तरुण होता. तिनं नाव, गाव आणि पहिल्या देणगीचं वर्ष सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, मॅडम, तेव्हा माझे आईवडीलही शाळेत होते. तिनं विचारलं, की आता देणग्या थांबवल्या तर बूस्टरपण जातं का. नाही जात. एखाद्या मुलाला थांब म्हणता येतं का. नाही येत. तो चांगला खेळतो असं म्हणता येतं का. त्या आवाजात, मॅडम, नको. मग तिनं तिचा खरा प्रश्न विचारला. हा नियम गुप्त आहे का?

छे, तो म्हणाला. उलट जितक्यांना कळेल तितकं बरं. आमच्या पानावर टाकलेला आहे. कोणीही वाचावा.

"मोठ्यानं वाचला तर?"

पलीकडे कळफलक टकटकला.

"मोठ्यानं वाचू नये असं कुठे लिहिलेलं नाही," तरुण म्हणाला. "फक्त वाचावा. वर काही जोडू नये. आणि मॅडम, माझं हे मत आपण विचारलं नाहीत."

"मी फक्त त्या पानाचा पत्ता विचारला," आर्डिस म्हणाली.

त्या संध्याकाळी हॉलमधली टेबलं घडी करून ठेवायची होती. टेट येणार हे तिला माहीत होतं. तो दरवर्षी यायचा. लेलँडला तिनं साक्षीला आणलं आणि बजावलं, की तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. तो कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसला आणि त्यानं टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

टेटनं दोन टेबलं दोन काखांत उचलली होती. आर्डिस म्हणाली, "ती खाली ठेव. मला तुला एक वाचून दाखवायचंय. मध्ये बोलू नकोस."

"रविवारचा धडा राहिला का, मिस ब्रेकहस?"

"तसंच समज."

तिनं चष्मा लावला आणि नियम वाचला. सगळा, पोटकलमांसकट. बूस्टर म्हणजे कोण. काय करायचं नाही. कोणाशी बोलायचं नाही. किती काळ. वाचताना तिनं कुठल्या शब्दावर जोर दिला नाही. प्रयोगशाळेतले निकाल ती असेच वाचायची. संपल्यावर तिनं कागदाची घडी केली.

टेट टेबलाच्या कडेवर टेकला. लाकूड करकरलं. "हे मला कोचनी सांगितलंय," तो म्हणाला. "पण बूस्टर म्हणजे ते वर काचेच्या खोलीत बसतात ते ना? सूटवाले."

"व्याख्या पुन्हा वाचू?"

आर्डिसनं पहिली दोन वाक्यं पुन्हा वाचली. ज्यानं एकदाही, कितीही, काहीही दिलं असेल असा कोणीही.

"तुम्ही दिलंय?"

"कॉलेजात शिकत होते तेव्हापासून."

टेटनं कोपऱ्यात पाहिलं. लेलँड टोपीच्या शिवणीकडे बघत होता. "मिस्टर ब्रेकहस?"

"माझ्या आधीपासून," आर्डिस म्हणाली.

"ग्लेन?" त्यानं विचारलं. मग पास्टर. मग औषधांच्या दुकानातली बाई. मग टपाल कचेरीतला, जो त्याला दर वेळी न चुकता आजीच्या खुब्याचं विचारायचा. प्रत्येक नावाला आर्डिसनं फक्त मान हलवली. कोणी किती वेळा मान हलवावी, याबद्दल नियमात काही नव्हतं. ग्लेनच्या टायरांची गोष्ट टेटला माहीत होती, पण ती कशाशी जोडायची हे माहीत नव्हतं. आता ती जोडली जाताना आर्डिसला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. वरची पापणी जरा उचलली गेली, कान लाल झाले.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही सगळे—"

"त्याचं उत्तर मला देता येत नाही."

"तुम्ही सामने बघायला येत होतात. मी बघितलंय तुम्हाला, कठड्यापाशी."

"मैदान सार्वजनिक आहे."

"मी हार्बरला सही केली तर?"

आर्डिसनं चष्मा काढून पुसला. हा प्रश्न तिनं स्वतःला सकाळपासून विचारला होता आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं. "सही झाल्यावर हा नियम संपतो," ती म्हणाली. "कुठेही केलीस तरी. त्या क्षणापासून या गावातला जो तो तुझ्याशी हवं ते बोलू शकेल. हार्बरला गेलास तरी बोलू. इथे राहिलास तरी बोलू. ते तू कुठे सही करतोस यावर अवलंबून नाही."

"काय बोलाल?"

"तेच तर आता सांगता येत नाही."

टेट हसला नाही. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, रविवारच्या वर्गात फळ्यावरचं वाचताना बघायचा तसं. मग त्यानं टेबलं पुन्हा काखेत घेतली. दारापाशी जाऊन म्हणाला, "मिस्टर ब्रेकहस, तुम्ही तरी काही बोला."

लेलँडनं तोंड उघडलं. आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं. "पाऊस," लेलँड घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बरा झाला म्हणायचा यंदा."

या वेळी मात्र टेटचे खांदे हलताना दिसले.

बुधवारी सकाळी शाळेच्या जिममध्ये बसायला जागा उरली नाही. गावानं दुकानं बंद केली नव्हती. ती नुसती रिकामी पडली होती. काळं-पांढरं कोणी घालून आलं नव्हतं. आर्डिसनं तसा निरोप फिरवला होता. लोक आपले तपकिरी, करडे, निळे कोट घालून बाकांवर ओळीनं बसले, जसे दफनाला बसतात तसे. बाकांच्या टोकाला, दाराजवळ, ग्लेन उभा होता. आत यावं की नाही हे त्याचं अजून ठरलेलं दिसत नव्हतं.

अशा वेळी पोरं टेबलावर दोन-तीन कॉलेजांच्या टोप्या मांडतात, एकीकडे हात नेतात, मग दुसरी उचलतात. टेटच्या टेबलावर कागद, पेन आणि पाण्याची बाटली एवढंच होतं. बाजूला डार्ला बसची चावी मुठीत धरून उभी होती. टेट बसला. खुर्ची त्याच्याखाली दिसेनाशी झाली.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "टॅमारॅक."

आणि त्यानं सही केली.

जिममध्ये आवाज झाला नाही. एकाही माणसानं टाळी वाजवली नाही. टेटनं वर पाहिलं, डार्लानं पाहिलं, शाळेच्या मुख्याध्यापिकेनं पाहिलं. सगळं गाव मान वळवून आर्डिसकडे बघत होतं.

आर्डिस पहिल्या बाकावर ताठ बसली होती. तिचा हात थोडा वर होता, वर्गात मुलांना थांबवताना धरायची तसा. सही झाली होती. पण कॉलेजकडे पोचली नव्हती. नियमात 'पोचल्यावर' असं होतं. शाळेच्या कोचनं कागदाचा फोटो काढला, पाठवला आणि फोनकडे बघत उभा राहिला. छतावरच्या हीटरचा घरघराट ऐकू येत होता. कोणाचं तरी बाळ कुरकुरलं आणि आईनं त्याच्या तोंडात बोट दिलं. टेटला आधी काही कळेना. मग कळलं. त्यानं दोन्ही हात तोंडावर धरले आणि त्याचे डोळे हसून हसून पाण्यानं भरले. तीन वर्षं त्यानं हीच शांतता ऐकली होती. आता ती कशानं भरलेली आहे हे त्याला पहिल्यांदा दिसत होतं.

कोचचा फोन वाजला. त्यानं वाचलं. "मिळाली म्हणतात."

आर्डिसनं हात खाली केला.

जिमचं छप्पर टिकलं एवढंच. लेलँड बाकावर चढला होता आणि गेल्या वर्षीच्या प्लेऑफमधली तिसऱ्या सत्रातली चाल ओरडून सांगत होता, कोणाला ते त्यालाही माहीत नव्हतं. टपाल कचेरीतला माणूस टेटचा दंड धरून म्हणत होता, त्या पावसातल्या सामन्यात तू त्या दोघांना एकदम आडवं केलंस तेव्हा मी माझा कॉफीचा थर्मास फोडला, तेव्हापासून सांगायचंय. पास्टरचं पंचांशी जुनं भांडण निघालं. टेटभोवती तीन वर्षांचं साचलेलं बोलणं असं लोटलं, की डार्लाला मागे सरकावं लागलं. ग्लेन सगळ्यात शेवटी आला. त्यानं टेटच्या चेहऱ्याकडे, सरळ डोळ्यांत बघून हात पुढे केला. "तुझ्या त्या चाकाचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "दुकानात आण. फुकट नाही करणार."

"आणतो. पुढची काचही तुम्हीच बदलून दिलीत ना," टेट म्हणाला. "तेव्हाही पैसे पुरते घेतलेत. खडीनं तडा गेला, त्यात माझा पक्षीपण गेला."

आर्डिसनं ते ऐकलं. पुरावा म्हणून जपून ठेवलेली ती लखलखीत काच तिनं मनातल्या मनात खोडून टाकली. मग ती पुढे झाली. लोकांनी तिला वाट दिली. टेट उभा राहिला.

"बोला, मिस ब्रेकहस."

"तुझा डावा पाय," आर्डिस म्हणाली, "उशिरा उचलतोस. तुझ्या दुसऱ्या सामन्यापासून."

टेटनं खाली पायांकडे पाहिलं. "कोच म्हणतात उजवा."

"कोच समोरून बघतात. मी कठड्यावरून बघते. दोघांपैकी एकाचं चुकतंय, आणि सप्टेंबरात कळेल कोणाचं."

परत जाताना लेलँड तिच्या गाडीत बसला. ओरडून त्याचा आवाज बसला होता, तरी काळजी शाबूत होती. पोर एक वर्ष खेळेल, तो म्हणाला. मग कोणी श्रीमंत कॉलेज बोट वाकवेल आणि जाईल. आता वर्षाला कॉलेज बदलता येतं. कॉन्फरन्स नाही, टीव्ही नाही, सप्टेंबरात ते वाळवंटवाले येणार. किती दिवस टिकणार हे?

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिवाळी गहू बोटभर वर आलेला होता आणि त्यावर पातळ बर्फ होतं. आर्डिसनं वायपर लावला.

"तू गहू पेरतोस तो किती वर्षांसाठी पेरतोस?"

"एका," लेलँड नाखुशीनं म्हणाला.

"मग एक वर्ष तर एक वर्ष. येऊ देत ते वाळवंटवाले."

कुंपणापाशी आल्यावर तो म्हणाला, "माझी सीट तर मी सोडली."

"मी घेतली," आर्डिस म्हणाली. "तुला विचारलं नव्हतं. आणि गादी तुझी तू आण. माझी देणार नाही."